कायदा आमदारांनी करायचा आणि कोर्टाने मोडायचा?

टिळकवाडीकर:
काल इथेच एकाने लिहिलं, "लोकांनी निवडून दिलेल्यांचा कायदा काळ्या कोटातली पाच माणसं फाडून टाकतात, ही कसली लोकशाही?" वर अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही. अहो, कायदा आवडला नाही म्हणून कोर्ट उठून फाडत नाही. आधी कायदा वैध आहे असंच धरून चालतात, तो घटनेविरुद्ध आहे हे याचिकावाल्याने दाखवायचं. जमेल तिथे दोषी कलम तेवढंच कापतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं की तुरुंग, २०१५ ला गेलं, बाकी कायदा चालूच आहे. हा अधिकार काही कोर्टाने बळकावलेला नाही. कलम १३ वाचा: मूलभूत हक्क हिरावणारा कायदा सरकारने करायचाच नाही, केला तर तेवढा भाग रद्द. आणि बहुमताचे गोडवे बेळगावच्या मराठी माणसाने गावेत? बेंगळुरूच्या विधानसभेत आपली मतं किती? कर्नाटक सरकारची १९९४ ची पहिली ते चौथीच्या शिक्षणाची माध्यमसक्ती २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनीच उडवली ना?

खानापूरचा पावणा:
तो कायदा नव्हताच, सरकारी आदेश होता. आणि त्यात मातृभाषा किंवा कन्नड असं होतं. मराठी शाळेला त्याचा काय त्रास? कोर्टात गेले इंग्रजी शाळावाले, जिंकले पण तेच. आमच्या गावच्या मराठी शाळेत आता मास्तर जास्त आणि पोरं कमी. हेच का तुमचं रक्षण?

टिळकवाडीकर:
कलम १३ चं तिसरं पोटकलम बघा. आदेश, नियम, अधिसूचना सगळं 'कायद्या'तच धरलंय. इंग्रजीवाले जिंकले हे मात्र खरं. घ्या, अभिनंदन.

एक आई, शहापूर:
माध्यम निवडायचा हक्क आईबापांना मिळाला तर एवढं रडू कशाला? मी मराठीत शिकले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंग्रजीत आला आणि माझी दातखीळ बसली. ते पोरांच्या वाट्याला येऊ देणार नाही. भाऊ, तुमची मुलं कुठं आहेत?

खानापूरचा पावणा:
मुलगी इंग्रजीतच आहे. म्हणून काय बोलायचं नाही काय?

एक आई, शहापूर:
बोला की. फी भरून आलात की निवांत बोला.

येळ्ळूरकर:
शाळा राहू द्यात. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याविरुद्ध. ८६५ गावं वाट बघताहेत. आमचे वडील वाट बघतच गेले. एवढं ताकदवान कोर्ट तारीख का देत नाही?

काल लिहिलेला तोच:
माझं नाव न घेता मला झोडपताय, तर ऐका. १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती, निकाल सात विरुद्ध सहा. एक माणूस फिरला असता तर संसदेलाही मोडता न येणारी घटनेची मूलभूत चौकटच नव्हती!

टिळकवाडीकर:
१९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तेव्हा लोकशाही बुडाली म्हणालात?

काल लिहिलेला तोच:
मग कर्नाटकाचंच घ्या. बढतीतल्या आरक्षणाचा २००२ चा कायदा २०१७ ला अडवला, राज्याने २०१८ ला नवा केला, २०१९ ला तोच कोर्टाने मान्य केला. मिळवलं काय?

टिळकवाडीकर:
मधे सरकारला नोकऱ्यांत कोण किती मागे आहे याची आकडेवारी गोळा करायला लागली, ते. आधी नुसतं रेटलं होतं.

काल लिहिलेला तोच:
बरं, तेवढं एक धरा. बाकी पोस्ट मी काढणार नाही.

येळ्ळूरकर:
तारखेचं कुणी बोललंच नाही.

खानापूरचा पावणा:
ताई, फी भरलो. आता बोलू?