मदत हवी आहे: अप्पांचा बीपी लो होतोय, चालणं बंद करावं का?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. आमचे अप्पा ७६ वर्षांचे, रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला जायचे, पण महिना झाला उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते, घरी मोजलं तर बसून ११८ आणि उभं राहिल्यावर दोन मिनिटांत ९४. त्यात विसरायलाही लागलेत, परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेले, फार भीती वाटली हो. प्रोस्टेटची गोळी चालू आहे, तिनंपण बीपी उतरतो म्हणे, डॉक्टरांना या आठवड्यात दाखवतेच. चालणं बंद केलं तर डोकं अजून मंद होईल असं वाटतं, आणि या उन्हात एकटं पाठवायचं धाडस होत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का? बसून करायचे कुठले व्यायाम सांगितले होते? आणि विसरण्याची तपासणी फॅमिली डॉक्टरच करतात की न्यूरोवाल्यांकडं न्यायचं?