चर्चा: माझ्या भाच्यानं इंदुरात रात्रीचं रेस्तराँ काढावं का?

सुदामानगरकर

गौरी जेवायच्या दिवशी आमच्याकडे वाद झाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. माझा भाचा भोपाळला हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि सहा वर्षं मुंबईच्या किचनांत राबला. आता त्याला इंदुरात परत येऊन स्वतःचं ठिकाण काढायचंय. संध्याकाळी सातला उघडेल, लोक निवांत बसून जेवतील, आठवड्यातून दोनदा गाणं होईल, आणि बारचं लायसन्सही असेल. हे ऐकताच माझी बहीण म्हणाली, "एवढं शिकवलं ते गुत्ता काढायला?" पोरगा भरल्या ताटावरून उठला.

मला तो शब्द लागला. या धंद्यात आयुष्य घातलेल्या माणसांकडे आपण कधी नीट पाहतच नाही. मुंबईचे रेस्तराँवाले ए. डी. सिंग यांचंच घ्या. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आलेला माणूस. मुंबईत बोटींवर पार्ट्या भरवण्यापासून सुरुवात केली, १९९० मध्ये 'जस्ट डेझर्ट्स' काढलं. तिथे काय होतं, तर गोड पदार्थ आणि जॅझ. संध्याकाळी बसायला जायचं तर बारमध्येच, असं वाटायच्या काळात त्यांनी केकच्या तुकड्यावर लोकांना रात्री बसवलं. मग २००० मध्ये खारला 'ऑलिव्ह' हे रेस्तराँ, पुढे दिल्लीत मेहरौलीला कुतुबमिनारच्या सावलीत दुसरं. २००६ च्या सीलिंगमध्ये, म्हणजे नियमबाह्य व्यापारी जागांना सरकारी टाळं लागलं तेव्हा, दिल्लीचं ते ठिकाण बंद करावं लागलं, तरी माणूस हलला नाही. २०१३ मध्ये गुरुग्रामला 'सोडाबॉटलओपनरवाला' काढून इराणी कॅफेचं आणि पारशी घरातलं जेवण त्यांनी अशा शहरात नेलं, जिथे ते फारसं कोणी चाखलं नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ एकच काम: रात्री बाहेर पडलेल्या माणसाला चांगल्या जागी बसवायचं आणि चांगलं खाऊ घालायचं. याला गुत्ता म्हणायचं?

आता आपल्या शहराचं. सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे खास बसमार्ग असलेल्या रस्त्याच्या, ११.४५ किलोमीटरवर, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत, दुकानं २४ तास उघडी ठेवायची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये ती काढून घेतली. त्या सवलतीत बार आणि दारूची दुकानं नव्हतीच, तरी रस्त्यावरच्या दारूड्यांचं खापर फुटलं ते रात्री जेवण देणाऱ्यांवर. माझं मत असं की शहरानं चुकीच्या माणसाला शिक्षा केली. भाच्यानं यावं आणि काढावं.

विजयनगर_ताई

दादा, तुमच्या भाच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण त्या दोन वर्षांत आम्ही बीआरटीएसकाठच्या विजयनगरवाल्यांनी काय काढलं ते सुदामा नगरला बसून कळणार नाही. माझी मुलगी बारावीला होती. रात्री अडीच वाजता खाली गाड्यांचे हॉर्न, गाडीच्या टपावर बाटल्या ठेवून उभी पोरं. एकदा तर आमच्या गेटसमोर मारामारी झाली आणि सकाळी वॉचमन पायरीवरचं रक्त धूत होता. बाटली त्यांनी कुठून घेतली होती मला ठाऊक नाही. ती पोरं एवढ्या रात्री आमच्याच रस्त्यावर का थांबली होती, ते मात्र ठाऊक आहे. तिथे काहीतरी उघडं होतं म्हणून.

तुम्ही सिंग साहेबांचं नाव घेतलंत. त्यांच्या भिंतीच्या आत सगळं सुंदरच असेल. पण गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की ते कोणाचं? मालकाचं बिल वसूल झालेलं असतं. नंतरची रात्र शेजारच्यांच्या वाट्याला येते.

सीए_रामबाग

ताईंचा मुद्दा नैतिक आहे, मी पैशावर बोलतो. हॉटेलवाल्यांच्या वह्या मी बरीच वर्षं तपासतोय.

जेवणावर रेस्तराँ ५ टक्के जीएसटी घेतं, पण नोव्हेंबर २०१७ पासून त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः खर्चावर भरलेल्या कराची वजावट, नाही. म्हणजे जागेच्या भाड्यावरचे १८ टक्के, एसीवरचा कर, भांड्यांवरचा कर, सगळं मालकाच्या अंगावर. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर वेगळा व्हॅट. एकाच टेबलाचे दोन हिशोब. रेस्तराँतल्या बारला लागणाऱ्या एफएल-२ लायसन्सची फी वर्षाची, गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय. सजावटीत ओतलेला पैसा भाडेकरार तुटला की घरमालकाच्या भिंतीला चिकटून राहतो, तो उचलून आणता येत नाही.

याहून वाईट म्हणजे धोरण. १ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार एका रात्रीत कोरडे झाले. शहराच्या हद्दीतल्यांना मोकळीक मिळेपर्यंत जुलै उजाडला. तीन महिने भाडं आणि पगार कोणी भरले? आपल्या राज्यात २०२३ मध्ये अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वरला दारूबंदी. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. ज्यानं आदल्या वर्षी कर्ज काढून बार सजवला, त्याला कोणी विचारलं नाही.

सिंगांचं नाव आपल्याला माहीत आहे कारण ते टिकले. त्यांच्याच वेळी सुरू करून दोन वर्षांत शटर पाडलेल्यांची नावं कोणाला आठवतात? भाच्याला एकच सांगा: वडिलांचं घर तारण ठेवू नकोस.

सराफ्याचा_जुना

अरे भिया, इंदूरला रात्रीचं जगणं मुंबईवाल्याकडून कशाला शिकायचं? आपल्या सराफा बाजारात दिवसा जिथे सोनं विकलं जातं, त्याच ओट्यांवर रात्री गराडूचा कंद तळतात, भुट्ट्याचा कीस परततात, दहीवडा हवेत उडवून झेलतात. आजी, सून, कडेवरचं पोर, सगळे रात्री बाराला तिथे. दारूचा थेंब नाही. आमचे वडील सांगायचे की सराफांनाही हे हवं असायचं. गर्दी असली की दुकानांवर आपोआप पहारा राहतो. बारशिवाय रात्र जागवता येते हे या शहरानं करून दाखवलंय. भाच्याला एवढी हौस आहे तर त्यानं एक ओटा घ्यावा आणि एकच पदार्थ असा करावा की लोक रांग लावतील.

रात्रपाळी

मी इंदूरचीच, लोकमान्य नगरची. गेली नऊ वर्षं पुण्यात आणि मुंबईत किचनमध्ये आहे. इथे सगळे दारातून आत बघून बोलताय, मी आतून सांगते.

आमचा दिवस दुपारी दोनला सुरू होतो. कांदा, आलं-लसूण, स्टॉक, मासळीची साफसफाई. साडेपाचला स्टाफचं जेवण, बहुतेकदा वरण-भात आणि एक भाजी, दहा मिनिटांत. सातला पहिलं टेबल. साडेनऊ ते अकरा केओटीचं, म्हणजे किचनसाठी ऑर्डरची चिठ्ठी छापणारं, मशीन थांबत नाही. लास्ट ऑर्डरनंतर सगळं घासायचं, फ्रीजचं तापमान लिहायचं, बारवाले उरलेली बाटली मापून नोंदवतात. ३० मिलीच्या पेगात रोज थोडं जास्त गेलं की महिन्याचा नफा गेला. यात पार्टी कुठेच नाही. मालकही उभाच असतो, जो बसतो त्याचं ठिकाण बसतं.

काका, सराफा माझाही जीव आहे. पण माझ्या आईचे गुडघे गेलेत, तिला तिथे तासभर उभं राहता येत नाही. तिला रात्री नऊला बसून, गरम, कोणी घाई न करता वाढलेलं जेवण हवं असेल तर तिनं काय करायचं? आणि त्या चिंचोळ्या गल्लीत लागलेले गॅस सिलिंडर पाहून मला धडकी भरते.

बार का लागतो तेही सांगते. चांगला मासा, चांगलं लोणी, शिकलेली माणसं यांचा खर्च नुसत्या जेवणाच्या बिलातून निघणं अवघड जातं. ग्लासातली कमाई ताटाला धरून ठेवते. कटू वाटेल, पण आहे असं.

मुंबईचे रेस्तराँवाले रियाज अमलानी यांनी यातून एक वाट काढली. २००१ मध्ये मुंबईत 'मोका' हे कॉफीचं ठिकाण काढलं, आणि २०१४ मध्ये बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर 'सोशल'. तिथे दिवसा लोक लॅपटॉप उघडून काम करतात आणि रात्री तीच जागा बार होते. एकाच भाड्यात दोन पाळ्या. काका, हे तुमच्या सराफ्याचंच गणित आहे: एक ओटा, दिवसा सोनं, रात्री गराडू. मुंबईवाल्यांना ते सुचलं तेव्हा आपल्याकडे ते जुनं झालं होतं. मग इंदुरात वाढलेल्या मुलानं ते छपराखाली, खुर्च्या मांडून केलं तर आपल्याला परकं का वाटावं?

सीए_रामबाग

सकाळची पाळी धरली तर आकडे बदलतात, हे मान्य. सकाळी पोहे-उसळ, दुपारी डबे, रात्री बसून जेवण. तरी बारच्या फीचा बोजा पहिल्या वर्षी नको. राज्याच्या २०२५ च्या दारू धोरणात फक्त बिअर, वाइन वगैरे १० टक्क्यांपर्यंतच्या पेयांसाठी कमी मद्याच्या बारचा वेगळा प्रकार आलाय, त्याच्या अटी आधी वाचा. नाहीतर सुरुवात लायसन्सशिवाय करा.

विजयनगर_ताई

रात्रपाळी, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. तू रात्री एक वाजता घरी कशी जातेस? खरंच विचारतेय. बस तर नसते.

आणि दादा, एक राहिलं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली. वाढदिवसाला आलेल्या मुली होत्या त्यात. भाचा जी जागा बघतोय तिला जिने किती?

रात्रपाळी

ताई, आताचा मालक गाडी देतो, चार जणींना मिळून एक. आधीच्या ठिकाणी नव्हती. तिथे मी सात महिने काम केलं, आणि ज्या रात्री रिक्षावाल्यानं रस्ता बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सोडलं. भाच्याला सांगा, गाडीचा खर्च पगाराच्या रकान्यात धर. नंतर बघू म्हणालास तर ती कधीच येत नाही.

सुदामानगरकर

ताईंचं वाचून मी काल भाच्याला फोन केला. पलासियाजवळची जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना एकच आहे. आत यायलाही तोच, बाहेर पडायलाही तोच. मी म्हटलं, ही सोड. तो गप्प झाला, कारण टोकन द्यायची तयारी झाली होती. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला, "मामा, सोडली. तळमजला बघतो."

लायसन्सबाबत मी मागे हटत नाही. योग्य माणसाच्या हातात बार असला तर शहराचं भलंच होईल, असं मला अजूनही वाटतं. पण गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की कोणाचं, या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. भाच्याचं म्हणणं आहे की जागा ठरण्याआधी तिथल्या शेजाऱ्यांना भेटावं आणि गाणं किती वाजता थांबवायचं ते त्यांनाच विचारावं. ताई, तो आधी तुमच्याकडे आला तर चालेल?

विजयनगर_ताई

चालेल. रविवारी सकाळी या. दारूला माझा विरोध आहे आणि तो मी त्याच्या तोंडावर सांगेन. पोहे मी करते, उसळ त्याला करून आणायला सांगा.