मदत हवी आहे: कायोटी कॉलला येतो, पण वाऱ्याखाली जाऊन थांबतो

मध्य टेक्सासमध्ये आमच्या शेळ्या आहेत. महिन्याभरात तीन करडं कायोटींनी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला इथला रानटी प्राणी) नेली. इथे खासगी जमिनीवर कायोटीला बंद हंगाम नाही, माझ्याकडे शिकारीचा परवाना आहे, शेजाऱ्यांनाही कल्पना दिली आहे.

थर्मल स्कोप (बंदुकीवरची, अंगाची उष्णता टिपून चित्र दाखवणारी दुर्बीण) ३८४ पिक्सेल रुंद सेन्सरचा, भिंग ३५ मिमी. इलेक्ट्रॉनिक कॉल (भक्ष्याचा आवाज काढून कायोटीला बोलावणारं यंत्र) माझ्यापासून पन्नास पावलांवर, आवाज जखमी सशाचा. दहा-बारा मिनिटांत कायोटी येतो, पण वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहतो त्या बाजूला, जातो आणि २५० यार्डांवर थबकतो. काल रात्री दीड वाजता एक कायोटी मान वर करून चार मिनिटं हललाच नाही. तेवढ्यावरून तो नुसता पांढरा ठिपका. झूम केला तर ठिपकाच मोठा होतो. दमट रात्री आणखी धूसर. शेजाऱ्यांचा राखणीचा ग्रेट पिरेनीज जातीचा कुत्रा कुंपण ओलांडून येतो, म्हणून ओळख पटल्याशिवाय मी गोळी झाडणार नाही. सापळे आणि विषही त्याच्यामुळेच नको.

आवाज कमी करून पाहिला, जागा दोनदा बदलली.

कॉल आणि मी, वाऱ्याच्या हिशेबाने कुठे बसावं म्हणजे तो शंभर यार्डांच्या आत येईल? आणि थर्मलमध्ये कुत्रा की कायोटी, हे चालीवरून, शेपटीवरून तुम्ही कसं ठरवता?