परतलेल्या मालिका आणि नव्या मालिका: संध्याकाळचा अर्धा तास कोणाला द्यावा?

सांजवेळ:

२०२५ च्या उन्हाळ्यापासून मराठी वाहिन्यांवर नव्या मालिका तर आल्याच, पण काही जुनी नावेही परत आली. जूनमध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस – मधला अध्याय’ सुरू झाली, जुलैच्या अखेरीस ‘चला हवा येऊ द्या’ परतले आणि ऑगस्टमध्ये सुबोध भावे व तेजश्री प्रधान यांची ‘वीण दोघांतली ही तुटेना’ आली. त्याआधी एप्रिलमध्ये स्टार प्रवाहवर ‘कोण होतीस तू, काय झालीस तू’ सुरू झाली होती. ही मालिका नवी असली तरी गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव ही तिची जोडी ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मधून जशीच्या तशी आलेली आहे, त्यामुळे मी तिलाही अर्धी परतलेलीच मानते.

आता माझी मते. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२४ मध्ये थांबले, तोवर निवेदन, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्ही गोष्टींवर नीलेश साबळे यांची छाप होती. नव्या पर्वात निवेदन अभिजीत खांडकेकर यांच्याकडे आहे, भाऊ कदम नाहीत, आणि कार्यक्रमाचा साचा विनोदवीरांच्या स्पर्धेकडे वळला आहे. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके आणि भारत गणेशपुरे आजही एखाद्या साध्या वाक्यावर हशा मिळवतात, गौरव मोरे यांची भर चांगली पडली आहे, आणि राज्यभरातून निवडलेल्या नव्या मुलांपैकी काही जण खरोखर तयारीचे आहेत. मात्र जुन्या कार्यक्रमात सगळा गोंधळ घालून झाल्यावर सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात येऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचत, तेव्हा हसता हसता घरातली सगळी माणसे गप्प होत असत. नव्या पर्वात तशी एकही जागा मला सापडत नाही. हा कार्यक्रम वेगळ्या नावाने आला असता, तर कदाचित मी त्याचे अधिक मोकळेपणाने कौतुक केले असते.

गोड बोलून खून करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्या ‘देवमाणूस’विषयी माझी तक्रार निराळी आहे. किरण गायकवाड यांच्या अभिनयात कुठेही उणीव नाही, किंबहुना तो गोड बोलणारा चेहरा आता पूर्वीपेक्षा अधिक भीतिदायक वाटतो. पण हे कथानक पहिल्या आणि दुसऱ्या पर्वाच्या मधल्या काळातले असल्यामुळे हा माणूस यातून सुटणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, आणि मग प्रत्येक वेळी पोलीस जवळ आले की माझी उत्सुकता वाढण्याऐवजी संपते.

‘वीण दोघांतली’च्या सुरुवातीच्या भागांत दोन प्रौढ, आपापल्या घराचा भार वाहणाऱ्या माणसांचे संयत बोलणे ही मोठी जमेची बाजू होती, कारस्थानी नातेवाईक पुढे आले की ती बाजू झाकली जाते. ‘कोण होतीस तू’ मी नियमित पाहत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की, परत आलेली मालिका नेमकी कशामुळे टिकते? कलाकार तेच असल्यामुळे, लेखक तेच असल्यामुळे, की कथेत खरोखरच काही सांगायचे उरले असल्यामुळे? आणि रोज एकाच मालिकेला वेळ देता येत असेल, तर सध्या कोणती निवडावी?

आंबोलीघाट:

‘देवमाणूस’बद्दलच्या आपल्या मतात एक धागा सुटतो आहे, असे मला वाटते. शेवट आधी ठाऊक असणे हा दोष मानला, तर ‘रात्रीस खेळ चाले’चे दुसरे पर्व सपशेल पडायला हवे होते. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली आणि सगळे कुटुंब वाड्यावर जमले. जानेवारी २०१९ मध्ये आलेले दुसरे पर्व त्याआधीच्या काळातले होते. अण्णा मरणार हे पहिल्याच दिवशी महाराष्ट्राला माहीत होते, आणि तरीही माझ्या मते तिन्ही पर्वांत तेच सर्वांत सरस ठरले.

त्याचे कारण लेखनात आहे. पहिल्या पर्वात अण्णा म्हणजे केवळ भिंतीवरची तसबीर आणि घरातल्यांच्या मनातला धाक होता. तो माणूस प्रत्यक्षात कसा होता, त्याची बायको माई त्याच्याबरोबर कशी राहिली, त्याची प्रेयसी शेवंता त्या घराच्या आयुष्यात कशी शिरली, हे सगळे प्रश्न खुले होते. माधव अभ्यंकर, शकुंतला नरे आणि अपूर्वा नेमळेकर यांना दुसऱ्या पर्वात या प्रश्नांची उत्तरे देता आली. म्हणजे ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेची जागा ‘हे असे कसे झाले’ या उत्सुकतेने घेतली. देवमाणसाच्या बाबतीत असा खुला प्रश्न उरलेलाच नाही. तो कोण आहे, काय करतो आणि का करतो, हे पहिल्या पर्वातच सांगून झाले होते. त्यामुळे मधल्या अध्यायात फक्त गाव आणि सावज बदलते. आपल्याला जाणवलेला कंटाळा खरा आहे, पण त्याचे खापर कालक्रमावर फोडू नये.

मी सिंधुदुर्गातला असल्यामुळे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. पहिले पर्व आले तेव्हा कोकणाची आणि येथील लोकांची चुकीची प्रतिमा रंगवली जात असल्याचा आरोप करून आमच्या जिल्ह्यात मालिकेला विरोध झाला होता. पुढे मात्र कुडाळ तालुक्यातील आकेरीचा तो वाडा पाहायला पर्यटकांच्या गाड्या थांबू लागल्या आणि पांडूचे ‘इसारलंय’ (विसरलो) मुंबई-पुण्यातली मुलेसुद्धा म्हणू लागली. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, म्हणूनच त्या मालवणीला पाठ केल्याचा वास आला नाही. तिसऱ्या पर्वात भुते वाढली आणि माणसे कमी झाली. त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

पडद्यामागचा:

मी मालिकांच्या संकलनाशी संबंधित काम करतो, म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो. एखादे नाव परत का येते याचे उत्तर बहुतेक वेळा कथेत नसून स्लॉटमध्ये असते. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि अमुक वाजताचा स्लॉट सलग काही आठवडे घसरत असेल, तर तेथे काय आणायचे याची चर्चा सुरू होते. अगदी नव्या मालिकेची ओळख प्रोमोंच्या आधारे शून्यापासून करून द्यावी लागते, तर ठाऊक असलेल्या नावाला प्रेक्षक पहिल्या आठवड्यात तरी डोकावून जातोच. तो दुसऱ्या आठवड्यात राहतो की नाही, हे मात्र नावावर अवलंबून नसते.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळल्या तर साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो आठवड्याला सहा-सात वेळा. कथा, पटकथा आणि संवाद या तीन कामांना अनेकदा तीन वेगवेगळी माणसे असतात. शिवाय वाहिनीच्या सूचना येतात आणि एखादा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, चालला नाही तर तो मध्येच गुंडाळला जातो. भागांची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या भागांचा साठा, बहुतेक वेळा जेमतेम काही दिवसांची असते, त्यामुळे आज लिहिलेला प्रसंग याच आठवड्यात पडद्यावर दिसू शकतो. ‘वीण दोघांतली’विषयी आपण जे लिहिले आहे, ते याच रचनेतून येते. दोन माणसांचे शांत बोलणे लिहायला वेळ लागतो. आडून ऐकलेले संभाषण आणि हरवलेले कागदपत्र तासाभरात लिहून होतात, शिवाय भागाच्या शेवटी लागणारा, उद्याचा भाग पाहायला लावणारा हुकही त्यांतून आयता मिळतो.

आणखी एक बाब. आपण ज्यांना नव्या मालिका म्हणतो, त्यांतील कित्येक दुसऱ्या भाषेतून आलेल्या असतात. ‘आई कुठे काय करते’चे मूळ बंगाली ‘श्रीमोयी’ होते, ‘ठरलं तर मग’चे तमिळ ‘रोजा’ आणि ‘लक्ष्मी निवास’चे त्याच नावाची कन्नड मालिका. मूळ मालिकेचे शेकडो भाग समोर असतात, कोणत्या वळणावर आकडे वाढले हेही ठाऊक असते. तेव्हा ‘नवी’ आणि ‘परतलेली’ ही विभागणी आपण समजतो तितकी स्वच्छ नाही. त्यातही ‘लक्ष्मी निवास’मध्ये हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी यांनी त्या जोडप्याला जे मराठी मध्यमवर्गीय वळण दिले आहे, ते मुळाच्या आधाराशिवाय उभे राहते, असे माझे मत आहे.

जुनी_प्रेक्षक:

वरील तिघांच्याही लिखाणात दैनंदिन मालिकेकडे थोडे वरून पाहण्याचा सूर आहे, त्याबद्दल सौम्य तक्रार नोंदवते. मी दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिका पाहिल्या आहेत आणि अल्फा मराठीवर येणाऱ्या ‘आभाळमाया’ची वाटही पाहिली आहे. त्या मालिका चांगल्या होत्या याबद्दल वाद नाही. पण ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली, तेव्हा तिला टीकाकारांनी चालवले नव्हते. दुपारपासून घरात एकट्या असणाऱ्या बायकांनी आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांनी चालवले होते. रोज ठरलेल्या वेळी ओळखीची माणसे घरात येतात, हीच त्यांची मुख्य अपेक्षा असते आणि कथानक किती पुढे सरकले हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे.

म्हणूनच माझ्या मते खरी परीक्षा होते ती कलाकार बदलल्यावर. ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात शेवंताच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. नव्या अभिनेत्रीने मनापासून काम केले, पण प्रेक्षकांच्या मनातली शेवंता ठरून गेली होती. ‘अग्गंबाई सासूबाई’चे ‘अग्गंबाई सूनबाई’ झाले तेव्हा निवेदिता सराफ आणि डॉ. गिरीश ओक राहिले, मात्र सून आणि मुलगा दोघेही बदलले. सासू-सुनेच्या मैत्रीवर उभी असलेली मालिका त्यातली एक मैत्रीण बदलून पुढे नेता येत नाही, हे तेव्हा दिसले.

याउलट ‘ठरलं तर मग’ पाहा. पूर्णा आजीची भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले. पुढे त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या आणि मी पाहते त्या घरांत तरी त्यांना स्वीकारले गेले. येथे बदल व्यवहारातून आलेला नव्हता, तो दुःखातून आला होता, आणि प्रेक्षकाला हा फरक बरोबर कळतो. शिवाय नव्या अभिनेत्रीने जुन्या लकबींची नक्कल करण्याचा मोह टाळला. एकच मालिका निवडायची असेल तर माझे मत तिलाच आहे. खटल्याचा ट्रॅक लांबला होता हे मान्य, पण जुई गडकरी यांची सायली रडत बसत नाही, आणि संध्याकाळच्या पडद्यावर एवढेही आज दुर्मीळ आहे.

सांजवेळ:

सर्वांचे आभार. आंबोलीघाट यांचा खुल्या प्रश्नाचा मुद्दा मला पटला आणि तो ‘चला हवा येऊ द्या’लाही लागू होतो का, याचा मी विचार करते आहे. विनोदी कार्यक्रमात उलगडायची कथा नसते, तेव्हा तेथे परतण्याचे कारण लिहिणाऱ्यांपाशीच शोधावे लागेल. सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून मध्ये मध्ये विश्रांती घेऊन परत येते, कलाकार जातात-येतात, तरी सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची लेखन-दिग्दर्शनाची घडी कायम असल्यामुळे प्रत्येक वेळी तोच कार्यक्रम परतला असे वाटते.

जुनी_प्रेक्षक यांच्याशी एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. सोबत हवी असते हे खरे, पण सोबतीच्या नावाखाली काहीही खपवून घ्यावे असे नाही. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ने कथेत पंचवीस वर्षांचा लीप, म्हणजे काळाची उडी, घेऊन नायक-नायिकेला पुनर्जन्म दिला, तेव्हा माझ्या घरातली ज्येष्ठ मंडळीच सर्वांत आधी उठून गेली होती.

आंबोलीघाट:

हास्यजत्रेचे उदाहरण योग्य आहे. त्याला जोडून दोन जुनी उदाहरणे देतो. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ची मंडळी २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’त परत आली, पण नवी नावे आणि नवी कथा घेऊन. कलाकार तेच असूनही ती पहिल्या मालिकेइतकी रुजली नाही, कारण लोकांना ‘माजघर’ नावाच्या घरातली ती मुले हवी होती, त्यांचे चेहरे नव्हेत. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’नंतर ‘तिसरी गोष्ट’ आली तेव्हा उलट केले होते: मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या जागी स्पृहा जोशी आणि उमेश कामत आले, नावाचा धागा राखला आणि गोष्ट पूर्णपणे वेगळी सांगितली. मला दोन्हींपैकी दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात जुन्या पात्रांचे कर्ज डोक्यावर नसते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल म्हणायचे तर मी ‘लक्ष्मी निवास’ निवडेन. तिच्या भागांची लांबी मोठी आहे, त्यामुळे रोज पाहणे आपल्याला कदाचित जमणार नाही; रोजचा नियम न करता, घराच्या हप्त्याचा आणि मुलांच्या हिशेबाचा विषय निघेल तेवढे भाग पाहावेत. तेथे ती मालिका आपल्या वेगाने चालते.

पडद्यामागचा:

सहमत. फक्त एक सूचना: रविवारचा महाएपिसोड टाळावा. त्यातला पहिला अर्धा भाग बहुधा नुसती जुळवाजुळव असते आणि खरा प्रसंग सोमवारच्या भागासाठी राखून ठेवलेला असतो.