ड्रमर पुण्याला गेला, आता बँडचं काय करावं?

गोडाऊनवाले_लातूर
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं दोन वर्षं झाली लातूरला वाजवायलोत, सगळी स्वतःची मराठी गाणी, मित्राच्या वडलांच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस. मागच्या महिन्यात ड्रमर नोकरीला पुण्याला गेला आणि आता बेसवाला पण स्पर्धा परीक्षेचं म्हणायलाय. सहा गाणी तयार आहेत, रेकॉर्डिंगचं ठरलं होतं. नवीन माणसं घ्यावीत, थांबावं, का नाव बदलून नव्यानं सुरू करावं? लातुरात ड्रमर कुठं मिळंल ते पण सांगा. चौघांचा बँड होता, आता दुसरी माणसं घेतली तर तो आमचाच राहील का, हेच डोक्यात फिरायलंय.

बेस_आणि_बाजरी
भाऊ नाव अजिबात बदलू नका. मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडचंच बघा, १९८२ मध्ये गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार भेटले, पहिल्या डेमोवर ड्रम वाजवणारा बँडमध्ये आलाच नाही, मग माईक जॉईस आला, आणि ऑक्टोबरात तिथल्या रिट्झ हॉलला पहिला कार्यक्रम केला तेव्हा बेसवर डेल हिबर्ट होता, तो पण त्या एका कार्यक्रमानंतर गेला आणि मारचा शाळेतला दोस्त अँडी रूर्क आला. लोकांना जे चौघं माहितेत ते इतकं सगळं होऊन ठरले. गाणी ज्यांनी बांधली ते दोघं टिकले ना, मग बँड आहे.

परभणीची_ताई
ड्रमरसाठी म्युझिकच्या दुकानात विचारत बसू नका, भीमजयंतीला गाण्यांच्या कार्यक्रमात ऑक्टोपॅड वाजवणारी पोरं बघा, लग्नाच्या बँडमधली बघा, चर्चमध्ये वाजवणारी बघा. हात तयार असतो, रॉक ऐकलेला नसला तरी सहा गाणी महिन्यात बसतात. आणि तुम्हाला काय आवडतं ते आधीच स्पष्ट सांगा. बोस्टनच्या पिक्सीज या बँडनी १९८६ मध्ये बेससाठी जाहिरात दिली, त्यात हस्कर डू सारखा कर्कश बँड आणि पीटर, पॉल अँड मेरी सारखं शांत लोकसंगीत दोन्ही आवडणारं माणूस पाहिजे म्हणून लिहिलं. एकटी किम डील आली. तिच्याकडं बेस पण नव्हता, गिटार वाजवणारी होती. आणि ड्रमर डेव्हिड लव्हरिंग, तो तिच्या नवऱ्याच्या ओळखीतनं आला. आवड जुळली की हात नंतर जुळतो दादा.

जुना_अँप
माझं एक ऐका, पैशाचं आत्ताच कागदावर आणा. आमचा बँड नांदेडला फुटला तेव्हा वर्गणीतनं घेतलेला अँप कुणाचा यावरनं दोन सख्खे मित्र बोलायचे बंद झाले, आजपण बोलत नाहीत, मला त्याचं फार वाईट वाटतं. वर ज्या स्मिथ्सचं लिहिलंय, त्यांच्यात जॉईस आणि रूर्कला रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले प्रत्येकी १० टक्के मिळायचे, तोंडीच सगळं. बँड १९८७ ला संपला, जॉईस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये कोर्टानं त्याचा २५ टक्के वाटा मान्य केला. तुमच्या सहा गाण्यांच्या चाली कुणाच्या, ड्रमचा ठेका कुणी बसवला, जो गेलाय त्याचं नाव रेकॉर्डिंगवर येणार का, हे तो पुण्यात आहे तोवरच फोन करून विचारा. राग यायच्या आधी विचारलेलं बरं असतं.

गोडाऊनवाले_लातूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ड्रमरला फोन केला, ठेके त्याचे आहेत तर नाव त्याचं येणार असं मी म्हणालो तर जरा वेळ तो बोललाच नाही, मग म्हणाला रेकॉर्डिंगला दोन दिवस सुट्टी काढून येतो. बेसवाला परीक्षेपर्यंत रविवारी येणार. आणि ताई, औशाचा एक ऑक्टोपॅडवाला पोरगा सापडलाय, शनिवारी गोडाऊनवर बोलावलंय.