तीन अंकांत ऑर्डरी निम्म्याच्या खाली, आणि आता चौथाही लेट होणार. काय करावं?

कोरं_पान

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून छोटं कॉमिक प्रकाशन चालवतो. मी लिहिते आणि हिशेब बघते, एक जण चित्रं काढतो, तिसरी कलर आणि लेटरिंग (संवाद फुग्यांत बसवणं) करते. तिघांच्याही नोकऱ्या आहेत, म्हणजे हे सगळं रात्री जागून नाहीतर सुट्टीच्या दिवशी. पाच अंकांची मालिका, महिन्याला एक अंक, असं मोठ्या तोंडाने जाहीर केलं. पहिल्या अंकाला दुकानांकडून ११४० प्रतींची ऑर्डर आली तेव्हा आम्ही नाचायचेच बाकी होतो. दुसऱ्याला ६९०. तिसऱ्याला सुरुवातीला बरा आकडा दिसत होता पण शेवटी ४१० वर आला. मधल्या काळात दुसरा अंक पाच आठवडे लेट निघाला आणि तिसरा सात.

आता चौथा कॅटलॉगमध्ये (दुकानदार ज्यातून आगाऊ ऑर्डर देतात ती यादी) गेलाय आणि काल रात्री मी फोल्डर उघडून बघितलं, तर २२ पानांपैकी ९ इंक, म्हणजे शाईने पक्की झालीत, ५ नुसती पेन्सिलमध्ये आहेत आणि बाकीची ८ म्हणजे अंगठ्याएवढे स्केच. चित्रकाराला विचारलं तर म्हणतो होईल गं. हे "होईल गं" मी तिसऱ्या अंकापासून ऐकतेय.

मला नेमकं कळत नाहीये की गोष्टच लोकांना आवडली नाही म्हणून आकडे पडतायत की लेट झाल्यामुळे. आणि असंच रेटत पाचवा काढायचा, की इथेच थांबून सगळं एकत्र पुस्तक काढायचं? ४१० प्रतींत छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही हो.

शिळी_शाई

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. दुसऱ्या अंकाची जी घसरण झाली त्याचा तुमच्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही, कारण दुकानदारांनी ६९० चा आकडा भरला तेव्हा पहिला अंक कुणी वाचलेलाच नव्हता. कॅटलॉगमध्ये माहिती द्यायची ती अंक यायच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे मासिक मालिका असेल तर पहिला अंक दुकानात पोचायच्या आत दुसऱ्याच्या ऑर्डरी झालेल्या असतात आणि तिसऱ्याची माहितीही गेलेली असते. पहिल्या अंकावर लोक उत्सुकतेपोटी जास्त लावतात, दुसऱ्यावर हात आखडतात, हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, मोठ्यांच्याही.

तिसऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. तुम्हीच लिहिलंय की आकडा आधी बरा होता आणि शेवटी पडला. याचा अर्थ फायनल ऑर्डर कटऑफला, म्हणजे ऑर्डर बदलायच्या शेवटच्या तारखेला, अंक यायच्या साधारण तीन आठवडे आधी, दुकानदारांनी तो खाली ओढला. का ओढला? कारण तोवर दुसरा वेळेवर आलाच नव्हता. ही खरी लेट होण्याची किंमत, आणि ती नेहमी एक अंक पुढे जाऊन वसूल होते, म्हणून आपल्याला वाटतं की तिसऱ्यात काहीतरी बिघडलं, बिघडलेलं असतं दुसऱ्यात.

पैशाचंही तसंच. छापील किंमत शंभर धरा. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे दुकानांना माल पोचवणारा, छोट्या प्रकाशकाकडून साधारण चाळीसला माल उचलतो. त्या चाळिसात छपाई, प्रेसपासून गोदामापर्यंतची वाहतूक आणि उरलं तर चित्रकार. ऑफसेटला प्लेटा बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च ४०० प्रतींना तेवढाच आणि ४००० ला तेवढाच. प्रेसवाल्याला पैसे आधी लागतात आणि डिस्ट्रिब्युटरचा चेक माल पोचल्यावर महिन्याभराने, कधी त्याहून उशिरा. म्हणजे पहिल्याचे पैसे हातात येईपर्यंत तुम्ही दुसरा छापून मोकळे आणि तिसऱ्याच्या चित्रांत अडकलेल्या. मी एकदा माझी मालिका याच खड्ड्यात घालवली, तेव्हा वाटायचं विक्री कमी पडतेय, नंतर वह्या काढून बसलो तर दिसलं की विक्री ठीकच होती, पैसा कायम दोन अंक मागे होता.

चौथ्याबद्दल माझं स्पष्ट मत: आजच डिस्ट्रिब्युटरला कळवा आणि कॅटलॉगमधून मागे घ्या. ठरलेल्या तारखेच्या फार पुढे गेलात की एरवी परत न घेता येणारा माल दुकानदाराला परत करायची मुभा मिळते, नाहीतर ऑर्डरच रद्द होते. मग ४१० पण उरणार नाहीत.

गल्ल्यामागून

मी दुकानवाला, त्यामुळे आमची बाजू सांगतो, कुणाला राग आला तर आला.

तुमचा अंक मी घेतला की तो माझा झाला. विकला गेला तर ठीक, नाहीतर माझ्या शेल्फवर पिवळा पडणार, परत कोण घेत नाही. परत करायचं नाही म्हणून डिस्काउंट जरा बरा मिळतो, १९७० च्या दशकात फिल स्युलिंगने अमेरिकेत हा थेट दुकानांना माल द्यायचा मार्ग काढला तेव्हापासून हाच सौदा आहे. म्हणजे प्रत्येक अनोळखी प्रकाशनावर जुगार मी खेळतो. मग मी काय करतो, ज्या गिऱ्हाइकांनी नाव लिहून ठेवलंय त्यांच्यापुरत्या प्रती आणि वर एखादी शेल्फला. बस.

आता तुमचा दुसरा पाच आठवडे आला नाही. नाव लिहिलेला माणूस दर आठवड्याला येऊन विचारतो, आला का. तीनदा विचारतो. चौथ्यांदा विचारत नाही, आणि मग अंक आला तरी म्हणतो राहू दे आता. ती प्रत माझ्या गळ्यात. तुम्ही मेल केला असतात ना की बाबा लेट आहे, अमुक तारखेला येईल, तर मी त्याला तसं सांगितलं असतं आणि तो थांबला असता, लोक थांबतात हो, त्यांना नुसतं कळत नाही तेव्हा ते जातात. मला छोट्या प्रकाशकांचे मेल येतात ते सगळे व्हेरिएंट कव्हर (त्याच अंकाचं वेगळं मुखपृष्ठ) आलं बघा म्हणून, अंक लेट आहे असा मेल वर्षातून एखादा येतो.

दर महिन्याला काढा असं तुम्हाला सांगितलं कुणी? दोन महिन्यांनी काढा, पण त्या तारखेला काढा.

वाकडी_रेघ

इथे सगळे चित्रकाराला फाशी द्यायच्या आधी मी दोन शब्द बोलते, मी पण चित्रकार.

दिवसाला एक पान म्हणतात ना, ते दिवसभर दुसरं काही न करणाऱ्या माणसाचं, आणि ते सुद्धा नुसती पेन्सिल. पेन्सिल, इंक दोन्ही एकाच माणसाकडे आणि वर दिवसा नोकरी असेल तर आठवड्याला दोन-तीन पानं झाली तरी खूप. २२ भागिले अडीच, करा हिशेब, नऊ आठवडे होतात. महिन्याला अंक हे गणितातच बसत नव्हतं, तुमचा माणूस लेट नाहीये, वेळापत्रक पहिल्या दिवसापासून खोटं होतं.

आणि लेखकांनी आपल्या स्क्रिप्ट पण जरा बघाव्यात. मला एकदा एका ओळीत आलेलं, "चौकात शेकडो लोकांची गर्दी, मागे मिरवणूक, वरून दिसणारा शॉट." लिहायला पाच सेकंद लागले असतील. मला चार रात्री लागल्या, त्या एका चौकटीला, पानाला नाही. आधी पर्स्पेक्टिव्हच्या रेघा, मग घरं, मग डोकी, डोकी, डोकी, आणि चौथ्या रात्री अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायला लागलं की पेन डाव्या हातात धरून टोपण लावलं. नंतर लेटरिंग करणाऱ्याने त्या गर्दीवर बरोब्बर मधोमध संवादाचा मोठा फुगा बसवला. त्याची चूक नाही, संवादच तेवढा लांब होता.

कोरं_पान, खरं सांग, ती ८ पानं नुसती स्केचमध्ये अडकलीत त्यात काय आहे?

कोरं_पान

...लग्नाचा मांडव आणि आग. १५ ते १९ आग.

वाकडी_रेघ

हं.

खोका_टेप_पत्ता

क्राउडफंडिंगवाला माणूस आलो. वर कुणी विषय काढला नाही म्हणून सांगतो, हल्ली छोटे लोक दुकानांचा मार्ग सोडून थेट वाचकांकडून आधी पैसे घेतात, किकस्टार्टर ही त्यासाठीची वेबसाइट २००९ ला आल्यापासून हे वाढतच गेलंय. फायदा सरळ आहे, किती छापायचं ते आधी कळतं आणि साठ टक्के मधल्यामधे जात नाहीत. फी कापून हातात नव्वदच्या आसपास येतात.

पण पोस्टाला विसरू नका!! माझ्या पहिल्या मोहिमेत मी उत्साहाच्या भरात आकडा वर गेला की स्टिकर, आणखी वर गेला की छापील पोस्टर असं जाहीर करत गेलो. पाकीट तोललं तर पुस्तक आणि मागे घालायचा पुठ्ठा मिळून वजनाच्या टप्प्याच्या जेमतेम आत होतं, आणि स्टिकरांच्या पाकिटाने ते पलीकडे गेलं. म्हणजे फुकट वाटलेल्या वस्तूने प्रत्येक पार्सलचं पोस्टेज पुढच्या टप्प्यात नेलं. पोस्टरला तर वेगळी नळी लागली. तीन शनिवार-रविवार जमिनीवर बसून टेप लावत होतो, आणि त्या तीन आठवड्यांत पुढच्या पुस्तकाचं एक पान झालं नाही. वेळापत्रक फक्त चित्रांनी बोंबलत नाही.

मोहीम लावायची तर पुस्तक पूर्ण झाल्यावर लावा. अर्धवट पुस्तकावर पैसे घेतलेत की दुकानदारासारखं कुणी शांतपणे ऑर्डर कमी करत नाही, लोक रोज कमेंटमध्ये विचारतात कुठेय.

जुना_गठ्ठा

वाचतोय सगळं, थोडा इतिहास जोडतो कारण तुम्हाला वाटत असेल हे फक्त तुमच्याच नशिबी आलंय.

लेट येण्याचं दुखणं छोट्यांचंच नाही. १९९३ मध्ये इमेज आणि व्हॅलियंट या अमेरिकन प्रकाशकांनी मिळून डेथमेट ही मालिका काढली, त्यातले इमेजचे भाग इतके रखडले की दुकानदारांनी आधी भरमसाठ मागवलेला माल लोकांचा उत्साह विझल्यावर येऊन पडला. इमेज मोठं होतं म्हणून तगलं. त्याआधी १९८४ मध्ये निंजा टर्टल्सचा पहिला अंक ईस्टमन आणि लेअर्ड या दोघांनी तीनेक हजार प्रती छापून काढला आणि तो धो धो चालला, मग सगळ्यांनीच काळ्या-पांढऱ्या कॉमिक्सचा सपाटा लावला, दुकानं भरली आणि १९८७ पर्यंत तो फुगा फुटला. त्यात चांगलेही गेले.

वेळेवर काढणारे कसे काढायचे हे बघायचं तर डेव्ह सिमचं सेरेबस, १९७७ ते २००४, तीनशे अंक. पण नीट बघा, ६५ व्या अंकापासून पार्श्वभूमी गेरहार्ड नावाचा दुसरा चित्रकार काढायचा. वाकडी_रेघ म्हणतेय ती घरं आणि रेघा दुसऱ्याच्या अंगावर गेली. आणि जेफ स्मिथचं बोन, १९९१ ते २००४, फक्त ५५ अंक, म्हणजे महिन्याला एक अजिबात नाही. तिथे धंद्याची बाजू त्याची बायको विजया अय्यर नोकरी सोडून सांभाळायला आली. शेवटी सगळं एका जाडजूड खंडात निघालं आणि आज लोक ते तसंच वाचतात, मधे किती महिने गेले होते ते कुणाच्या लक्षातही नाही.

शिळी_शाई, तुम्ही डिस्ट्रिब्युटरला कळवा म्हणालात ते बरोबर, पण एकाच डिस्ट्रिब्युटरवर सगळी भिस्त ठेवू नका हेही सांगा ना. डायमंड हा डिस्ट्रिब्युटर १९९७ पासून अमेरिकेतल्या दुकानांसाठी जवळपास एकटाच होता, २००९ मध्ये त्याने दर टायटलमागे ऑर्डरची किमान मर्यादा २५०० डॉलर केली तेव्हाच कितीतरी छोटी प्रकाशनं कॅटलॉगबाहेर गेली. २०२० मध्ये डीसी सोडून गेलं, २०२१ मध्ये मार्व्हल, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामात प्रकाशकांचा कन्साइनमेंटवर, म्हणजे विकला गेला की पैसे या बोलीवर, ठेवलेला माल होता, त्यावर हक्क कुणाचा यावरून कोर्टात भांडण लागलं. ज्यांच्या प्रती तिथे अडकल्या ते वेळेवर काढूनही अडकले.

शिळी_शाई

हे बाकी खरं. माझ्या जुन्या अंकांचे खोके मी आता घरातच ठेवतो, बायको ओरडते पण निदान कुठे आहेत ते माहीत असतं.

कोरं_पान

सगळ्यांना थँक्यू, खरंच. काल रात्री आम्ही तिघं बोललो. आधी भांडलो, मग बोललो.

चौथा कॅटलॉगमधून मागे घेतला, तसा मेल गेला. चौथा आणि पाचवा एकेकटे काढायचे नाहीत, पाचही अंक मिळून एक पुस्तक, आणि शेवटचं पान लेटरिंग होऊन हातात येईपर्यंत तारीख जाहीर करायची नाही. ज्या दुकानांनी तिसरा घेतला त्यांना वेगळा मेल लिहितेय. गल्ल्यामागून, तुम्हाला विचारायचं होतं, त्यात नुसतं सॉरी लिहू की ज्यांच्याकडे एक-दोन-तीन पडून आहेत त्यांना पुस्तकावर काही जास्तीचं डिस्काउंट देऊ?

आणि १५ ते १९ ची आग मी परत लिहिली. पाचाची तीन पानं झाली, एका पानावर तर नुसता धूर आणि मांडवाची एक दोरी. चित्रकार वाचून बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, हे आधी का नाही दिलंस.

गल्ल्यामागून

डिस्काउंट नको, त्याने तुम्हीच मराल. तिसऱ्याच्या उरलेल्या प्रती पुस्तक येईपर्यंत शेल्फवर ठेवायला सांगा, आणि पुस्तक तयार झालं की आतली दहा पानं पीडीएफ करून पाठवा. मी गिऱ्हाइकाला दाखवेन. धुराचं पान घाला त्यात.