सीएसडीनंतर (कॉर्टिकल स्प्रेडिंग डिप्रेशन) मिशीचा प्रतिसाद परत का येत नाही?

बॅरलवाला: रॅट, युरेथेनची भूल. मिशी हलवून बॅरल कॉर्टेक्समधून (मिश्यांची संवेदना घेणारा मेंदूचा भाग) फील्ड पोटेन्शियल (चेतापेशींच्या गटाचा विद्युत संकेत) घेतोय. इलेक्ट्रोडच्या ४ मिमी मागे १ मोलर केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराइड) भिजवलेला फिल्टर पेपर ठेवून सीएसडी, म्हणजे कॉर्टेक्सवर हळू सरकत चेतापेशींचं काम तात्पुरतं थांबवणारी लाट, सुरू केली. दीड मिनिटाच्या आत प्रतिसाद सपाट. इथवर ठीक, पण तास उलटला तरी तो उठत नाही. ऊती मेली समजायची का?

उदासीन_इलेक्ट्रोड: कागद अजून तिथेच आहे का? असेल तर दर ७ ते १० मिनिटांनी नवी लाट निघत राहणार, आणि प्रतिसाद सावरायच्या आतच पुढची येऊन थडकणार. पहिली लाट दिसताच कागद काढा, एसीएसएफने (मेंदूतल्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) दोन-तीनदा धुवा.

ॲम्प्लिफायर डीसी-कपल्ड (संथ बदलही नोंदवणारा) आहे ना? हाय-पास (संथ संकेत गाळणारा फिल्टर) लावला असेल तर १०-३० मिलिव्होल्टची, मिनिटभर टिकणारी ऋण झेप गाळली जाते. मग लाटा मोजणार कशाने? शक्यतो दोन इलेक्ट्रोड ३ मिमी अंतरावर लावा. लाट मिनिटाला साधारण ३ मिमी सरकते, म्हणजे दुसऱ्यावर ती मिनिटभराने दिसायला हवी. दोन्हीकडे एकदमच झेप आली तर ती सीएसडी नव्हे. रॅटचा श्वास आणि रक्तदाब बघा.

संथलाट: मेली म्हणण्याआधी दुसऱ्या गोलार्धात तपासा. सीएसडी पलीकडे जात नाही. तिकडचा प्रतिसादही पडला असेल तर दोष भूल, तापमान किंवा रक्तदाबाचा. तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, १ मोलर सोडियम क्लोराइडचा कागदही एकदा लावून बघाच.

आणि ड्रिल! कवटी तापली किंवा दाबली गेली की तिथेच लाट सुटते, म्हणजे तुमची बेसलाइन (प्रयोगाआधीची मूळ नोंद) आधीच बिघडलेली. थंड सलाइन टाकत, थांबत थांबत ड्रिल करा, मग तासभर हात लावू नका.

बॅरलवाला: कागद तसाच होता. हाय-पासही ०.१ हर्ट्झवर. पण लेझर डॉपलरवर (रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) मिशीचा प्रतिसाद नाहीच, ते कसं?

उदासीन_इलेक्ट्रोड: डॉपलर इथे फसवतो. लाटेनंतर रक्तप्रवाह तासभर किंवा जास्तच खाली राहतो, आणि चेतापेशी पेटल्या तरी रक्तवाहिन्या पुरेशा फुलत नाहीत. निकाल विजेच्या नोंदीवरच लावा.

प्रतिसाद परतला की नुसती उंची मोजून थांबू नका. मिशीला दिलेल्या एकेरी ठोक्याला तो आधीपेक्षा मोठा, पण कमी जागेत पसरलेला असू शकतो, आणि ठोक्यांच्या मालिकेत नेहमीसारखा मंदावतही नाही. म्हणून बेसलाइनलाच एकेरी ठोका, मालिका आणि शेजारची मिशी या तिन्ही नोंदी घेऊन ठेवा.